भुंकणारा वाघ्या

मिरजेकडून उगारच्या अंगाला आलं की बेळगाव जिल्ह्यात मंगसुळी लागते. इथल्या खंडोबाला कुणी ‘येळकोट’ म्हणत येतो, कुणी ‘एळु कोटी’. भंडारा दोघांच्या कपाळी तोच. माणसाचं जनावर होण्याची आपल्याकडची कुळी शोधायची, तर ती या देवाच्या वाघ्यापाशी सापडते.

नाव वाघ्या, पण वागणं कुत्र्याचं. खंडोबा शिकारी देव. त्याच्याबरोबर घोडा असतो, तसा कुत्राही. तेव्हा भक्ताने देवाचं कुत्रं व्हायचं. कोटंब्यात, म्हणजे भिक्षेच्या लाकडी पात्रात, वाढलेलं अन्न वाघ्याने हात न लावता, गुरगुरत खायचं, अशी जुनी रीत. दक्षिणेत मैलारला तिथले वाघे, म्हणजे वग्गय्या, दोणीतला दूधकेळ्यांचा नैवेद्य तसाच भुंकत खातात.

मग वाघ कुठून आला? मार्तंडभैरवाच्या, म्हणजे खंडोबाच्याच, दर्शनाने वाघांना मनुष्यदेह मिळाला, तेच पहिले वाघे, अशी कथा आहे. म्हणून गळ्यात भंडाऱ्याची पिशवी वाघाच्या कातड्याची. (1972च्या वन्यजीव कायद्यानंतर नवी पिशवी तशी करता येत नाही.)

युरोपात उलटं. जर्मनीत कोलोनजवळच्या बेडबुर्गमध्ये 1589 साली पेटर श्टुम्प याने छळाखाली कबूल केलं, की सैतानाने दिलेला पट्टा बांधला की आपण लांडगा होतो. त्याला हालहाल करून मारलं. तिथे माणूस घसरून जनावर होतो आणि देहान्त भोगतो. इथे जनावर आधीच माणूस झालेलं, आणि पुन्हा चार पायांवर येणं ही सेवा. पौर्णिमेलाच जनावर होण्याची अट मात्र पक्की केली ती मुख्यतः सिनेमाने. 1992च्या ‘जुनून’मध्ये राहुल रॉय पौर्णिमेला वाघ होतो, तो त्याच घराण्यातला, खंडोबाशी त्याचं काही नातं नाही. योगायोग असा, की या वाघ्यांचा आणि धनगरांच्या देवांचा माग आयुष्यभर काढला तो गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकानेच.

नवसाने सोडलेले वाघे दोन तऱ्हांचे. दारवाघ्या भिक्षेवर जगतो. घरवाघ्या नेमाच्या दिवशी कोटंबा घेतो, दुसऱ्या दिवशी आपला उसाच्या फडात. मुरळीला ही परतीची वाट नव्हती. देवाशी लग्न लावलेल्या पोरीला पुन्हा संसार नाही, आणि जागरणात तिच्या नाचण्याकडे कोण कशा नजरेने बघतो ते गावाला ठाऊक असायचं. मुली देवाला सोडण्यावर कर्नाटकाने 1982च्या कायद्याने बंदी घातली. भुंकण्याला त्या कायद्याने हात लावला नाही.