तळटीप : ‘कार्बोरेटर वाहतोय’

* हुमनाबाद तालुक्यातील हळ्ळीखेड (बी)च्या वाटेवर अडलेली लेखकाची गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, मूळची फियाट ११००. वालचंद हिराचंद यांनी स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती कुर्ल्याच्या कारखान्यात बनवली. तिच्या कार्बोरेटरला पेट्रोलचा छोटा चेंबर असतो. तो भरत आला की फ्लोट वर येतो आणि सुई ढकलून पेट्रोलची वाट बंद करतो. सुई आणि तिची सीट यांच्यामध्ये गंजाचा किंवा मातीचा बारीकसा कण अडकला, तरी वाट पुरती मिटत नाही. पंप ढकलतच राहतो आणि पेट्रोल बाहेर वाहते. तापलेल्या इंजिनावर ते सांडले तर आग लागू शकते. म्हणून सर्वांत आधी इंजिन बंद करावे.

स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चेंबरवर हलके ठोकले की कण कधी कधी सुटतो. लेखकाने तेच केले, पण तो गावापर्यंत पोचण्यापुरता उपाय. खरी दुरुस्ती झाकण उघडूनच होते. सुई काढून सीट पेट्रोलने धुवावी, हवा मारावी. तारेने मात्र कधीही खरवडू नये, ओरखडा पडला तर गळती कायमची. फ्लोट कानाशी हलवून पाहावा. आत पेट्रोल डुचमळले, तर फ्लोटच फुटलेला आहे.

एवढे करूनही टाकीतला गंज आणि आतून झडणारी जुनी रबरी नळी तशीच ठेवली, तर कचरा पुन्हा येणारच. इथेनॉल मिसळलेल्या आजच्या पेट्रोलात जुने रबर लवकर खराब होते, त्यामुळे नळी आणि फिल्टर दोन्ही बदलावेत. – संपा.