मोटर नसलेली माशांची पेटी

आज बचत गटाचा हप्ता नाही की लोणच्याचं प्रमाण नाही. आज काचेच्या पेटीतल्या माशांबद्दल बोलायचंय.

दोन वर्षांपूर्वी धाकट्या लेकीच्या हट्टापायी मी तालुक्याहून एक फिशटँक आणला. पेटी, मोटर, निळी खडी, प्लास्टिकची झाडं आणि सहा गोल्डफिश. शेळी विकून आलेल्या पैशातले दीड हजार गेले. आठव्या दिवशी रात्रभर लाईट नव्हती. सकाळी चार मासे पोट वर करून तरंगत होते. लेक दिवसभर जेवली नाही. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "ताई, इन्व्हर्टर घ्या." आमच्या गिरणीला इन्व्हर्टर नाही, माशांना कुठून आणू?

तेव्हा मनात आलं, लाईट नव्हती त्या काळात लोक काचेत मासे कसे पाळत असतील? शाळेतल्या बाईंकडून पुस्तकं आणली, आणि पहिल्याच पानांत भेटली एक शिवणकाम करणारी बाई.

फ्रान्समधली जान विलप्रो. जन्म 1794 चा, वडील जोडे शिवायचे. ही अठराव्या वर्षी पॅरिसला गेली, कपडे शिवणाऱ्यांकडे कामाला लागली, आणि 1816 साली एका राजकन्येच्या लग्नाच्या पोशाखाचं भरतकाम तिने केलं. पुढे लग्न होऊन ती इटलीतल्या सिसिली बेटावर राहायला गेली. तिथल्या समुद्रात ऑक्टोपसच्या जातीचा एक प्राणी असतो, पातळ पांढऱ्या शिंपल्यात राहणारा. तो शिंपला त्याचा स्वतःचा की दुसऱ्याचा बळकावलेला, यावर मोठमोठे विद्वान भांडत होते. जान म्हणाली, बघूया की! तिने 1832 साली काचेच्या पेट्या करवून घेतल्या, त्यात समुद्राचं पाणी भरून ते जीव ठेवले आणि पाहून सिद्ध केलं की शिंपला तो स्वतःच घडवतो. काचेच्या पेटीचा अभ्यासासाठी असा वापर पहिल्यांदा केला तो तिने.

पण तिच्या दाराशी समुद्र होता. पाणी शिळं झालं की ताजं आणता यायचं. लंडनच्या ॲना थिन बाईंचं तसं नव्हतं. 1846 साली त्या समुद्रकाठी गेल्या होत्या. तिथून त्यांनी जिवंत प्रवाळ घरी आणलं. आता रोज समुद्राचं पाणी कुठून आणायचं? त्यांनी युक्ती काढली. उघड्या खिडकीपाशी उभं राहून तेच पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतायचं, अर्धा-पाऊण तास. आपण चहा गार करायला वरखाली करतो ना, तसं. त्याने हवा पाण्यात मिसळते, म्हणजे आजची मोटर जे करते तेच काम.

आणि ते करत कोण होतं? घरातली एक लहान मोलकरीण. थिन बाईंनी लिहून ठेवलंय की काम दमवणारं होतं, पण त्या पोरीला त्यात गंमतच वाटायची. मला काही हे पटत नाही. रोज पाऊण तास पाणी उपसून बघा आणि मग सांगा गंमत वाटते का. त्या मुलीचं नावही त्यांनी दिलेलं नाही. पुढच्या वर्षी बाईंनी पाण्यात समुद्री वनस्पती ठेवून पाहिल्या. प्राणी टिकले.

गोड्या पाण्याचा हिशेब मात्र रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनवाल्याने लावला, तोही लंडनचाच. 1849 साली त्याने साधारण 12 गॅलनचं, म्हणजे पन्नास-पंचावन्न लिटरचं काचेचं भांडं घेतलं, ते अर्धंच भरलं. तळाला वाळू, चिखल आणि दगड. वर झऱ्याचं पाणी, दोन गोल्डफिश, आणि चिखलात रोवलेलं व्हॅलिसनेरियाचं एक रोप. वेणीच्या हिरव्या फितीसारखी लांब पानं असलेली ही वनस्पती आपल्याकडच्या तळ्यांतही उगवते. माशांनी सोडलेला वायू झाड घेणार, उजेडात झाड प्राणवायू सोडणार, असा त्याचा अंदाज होता.

थोडे दिवस छान गेले. मग जुनी पानं कुजली, पाणी गढूळ झालं, काचेवर हिरवा थर चढला. मासे मरायची वेळ आली. तेव्हा त्याने तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजलेली पानं आणि काचेवरचा थर खाऊन टाकला. त्यांनी घातलेली अंडी माशांनी खाल्ली. पाणी पुन्हा नितळ झालं. 1850 साली त्याने हे छापून जाहीर केलं. योगायोग असा की काचेवरचा भारी कर 1845 मध्येच उठला होता, काच स्वस्त झाली होती. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1853 साली माशांचं घर उघडलं आणि इंग्लंडच्या दिवाणखान्यांत पेट्याच पेट्या झाल्या. हौसेपायी लोकांनी समुद्रकाठचे खडकसुद्धा ओरबाडले. वीज आल्यावर पंप आले, गाळण्या आल्या, आणि झाडांच्या जागी प्लास्टिक आलं. ते माझ्या घरापर्यंत पोचलं. तळाला साधी मातीच घाला, असं 1999 साली पुन्हा पुस्तक लिहून सांगितलं तेही एका बाईनेच, अमेरिकेच्या डायना वॉल्स्टड यांनी.

मग मी काय केलं? पेटी तीच ठेवली, प्लास्टिक काढलं. परसातली खत-औषध न पडलेली माती चाळून दोन बोटं जाड पसरली, वर धुतलेल्या जाड वाळूचा तेवढाच थर. तळ्यातल्या पाणवनस्पती तीन-चार पाण्यांनी धुऊन दाटीने रोवल्या. वाळूवर ताटली ठेवून हळूच पाणी ओतलं, नाहीतर चिखल उठतो. नळाच्या पाण्यात टीसीएल असतं, म्हणून ते दोन दिवस उघडं ठेवलेलं. पेटी खिडकीशी, सकाळचं ऊन लागेल अशी. तीन आठवडे मासे सोडले नाहीत. मध्ये वास आला तेव्हा अर्धं पाणी बदललं.

मग सोडले गप्पी मासे, फक्त सहा. डासांच्या अळ्या खायला आरोग्य केंद्रवाले देतात तेच. हे मासे मूळचे त्रिनिदादकडचे. तिथून ते लंडनच्या संग्रहालयात पाठवणाऱ्या गप्पी साहेबांवरून 1866 साली त्यांना नाव मिळालं. ते साचलेल्या पाण्यातही वरच्या थरातून श्वास घेऊन तग धरतात. जास्त मासे सोडू नका, कारण रात्री झाडंही प्राणवायू घेतात. आणि पिल्लं फार झाली म्हणून ओढ्यात सोडू नका; हा मासा तिथला नाही, ओढ्यातल्या आपल्या माशांना त्रास होतो.

गेल्या श्रावणात दोन दिवस लाईट नव्हती. सहाचे सहा जिवंत होते. आमच्या गटातल्या तिघींनी आता किराणा दुकानातल्या जुन्या काचेच्या बरण्यांत हेच केलंय, एक बरणी अंगणवाडीत आहे. माझ्या पेटीतली रोपं फार माजलीत, ज्यांना हवीत त्यांनी बाजाराच्या दिवशी घरी या. येताना ओलं फडकं आणा, वाटेत पानं वाळली की रोप जातं.