सायकलीची मान : नामे परकी, क्रियापदे आपली

महाराष्ट्रात बोरगाव नावाची गावे पुष्कळ आहेत. वर्ध्यास लागून असलेले बोरगाव त्यांतून निराळे ओळखता यावे म्हणून त्याच्या नावापुढे ‘मेघे’ हे पद येते; सावंगी, सिंदी, पिपरी या शेजारच्या गावांनाही तेच पद लागते. शहराच्या कडेच्या अशा वस्तीत सायकल हे कामावर जाण्याचे साधन, आणि ती बिघडली तर दुकानात देण्यापूर्वी घरच्या ओट्यावर उघडून पाहण्याची रीत आहे. फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीत हँडल व चिमटा एकत्र येऊन जेथे फिरतात, त्या भागास आपण येथे सोयीसाठी सायकलीची मान म्हणू. ही मान घरी उघडताना जी मराठी बोलली जाते, ती भाषेच्या इतिहासकाराने दुर्लक्षिण्यासारखी नाही.

आज परिचित असलेल्या घडणीची सायकल इंग्लंडात १८८५ साली स्टार्ली याच्या ‘रोव्हर’पासून रूढ झाली. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १८८८ साली, लक्ष्मणराव किर्लोस्कर व त्यांचे बंधू रामूअण्णा यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकविणारे लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत व रामूअण्णा बेळगावात त्या विकीत. पुढे लोखंडी नांगर करणाऱ्या या घराण्याचा आरंभ सायकलीपासून झाला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. भाषेच्या दृष्टीने तिचा अर्थ मात्र सहसा कोणी पाहत नाही. सायकल मराठी मुलखात आली ती विकाऊ माल म्हणून, आपल्या सुट्या भागांसह व त्या भागांच्या इंग्रजी नावांसह. नावे खोक्यांवर छापलेलीच होती. ते भाग उघडावे कसे, हे मात्र खोक्यावर लिहिलेले नव्हते.

हे उघडण्याचे काम कसे चालते ते पाहू. प्रथम पुढचे चाक व ब्रेकच्या सळया उतरवावयाच्या. मग हँडलच्या वरचा बोल्ट दोन-चार फेरे सैल करून त्यावर लाकडाचा तुकडा ठेवून टोला द्यावयाचा. आत फुगवून बसविलेली पाचर सुटते व हँडल उपसून निघते. त्याखालचा नट व वायसर काढला की आट्यांचा वरचा कोन हाताने फिरवून उतरविता येतो. या वेळी एका हाताने चिमटा धरून ठेवणे व खाली फडके पसरणे अवश्य असते. नाही तर छर्रे अंगणभर सांडतात, आणि ५/३२ इंचाचा एक छर्रा मातीत शोधणे म्हणजे अर्धा दिवस गेला. फ्रेमच्या नळीत घट्ट बसलेले दोन कप आतून सळई घालून, एकदा या कडेला व एकदा त्या कडेला ठोकून काढावे लागतात. एकाच बाजूने ठोकल्यास कप तिरपा होऊन नळीचे तोंड बिघडवितो. नवा कप बसविताना त्यावर लाकूड धरून सरळ ठोकावयाचा, त्यात ग्रीस भरून छर्रे चिकटवावयाचे. शेवटी कोन आवळावयाचा, आणि सारे कौशल्य या आवळण्यात आहे. अधिक आवळला तर हँडल जड होते व छर्रे कपात खड्डे पाडतात. सैल ठेवला तर ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलविताच मान खडखडते. म्हणून आधी आवळून मग किंचित मागे घ्यावयाचा, आणि कोन धरून ठेवून वरचा नट कसावयाचा.

वरील वर्णनातील नामे पाहावीत. हँडल, बोल्ट, नट, वायसर, कप, कोन, ग्रीस : बहुतेक परकी. चिमटा चुलीजवळून आला, छर्रा बंदुकीतून; पाचर सुताराची. पण क्रियापदांत एकही परके नाही. उतरविणे, उपसणे, ठोकणे, बसविणे, आवळणे, कसणे ही लोहार, सुतार व शेतकरी यांची जुनी क्रियापदे आहेत. वस्तू नवी होती, पण ती हाताळणारा हात जुना होता. वैदर्भी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळ्याचा जसा ‘डोया’ तसे आवळण्याचे ‘आवयणे’ होते. म्हणजे हे क्रियापद पुस्तकातून आलेले नाही, बोलीतलेच आहे. नामेही अगदी परकी राहिली नाहीत. ‘कपाला’, ‘कोनाचा’, ‘चेनीत’ अशी सामान्यरूपे त्यांना मिळाली. ‘कोन’ या शब्दाची तर गंमतच झाली : मूळ इंग्रजी शब्द शंकूचा वाचक, पण मराठी कानाला तो भूमितीतला कोन वाटतो, आणि ऐकणाऱ्यास त्यात वावगे काही दिसत नाही. कपास ‘वाटी’ म्हणणे सहज शक्य होते. गुडघ्याची वाटी आपण म्हणतोच. पण खोक्यावरचे नाव आधी पोहोचले होते.

पुढे सायकली येथेच होऊ लागल्या. १९३९ साली मुंबईत हिंद सायकल्स, १९४९ साली मद्रासला टी. आय., १९५१ साली सोनीपतला अ‍ॅटलस व १९५६ साली लुधियान्यास हीरो असे कारखाने निघाले. कारखानदार बदलले, पण भागांची नावे बदलली नाहीत, आणि मापेही नाहीत. १९५८ पासून देशात मेट्रिक मापे लागू होऊ लागली, तरी साध्या काळ्या सायकलीच्या टायरवर २८ × १½ हाच आकडा राहिला.

वर्ध्याच्या परिसरात ही तुलना अधिक बोलकी होते. येथे मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे कार्य चालले, नालवाडीत चरखे झाले. चरख्याच्या चातीला व माळेला देशी नाव शोधावे लागले नाही. सायकलीला तशी पूर्वपरंपरा नव्हती. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने परिभाषेचे मोठे काम केले आहे, पण परिभाषाकोश हे स्वभावतःच नामांचे कोश असतात. कारागिराचे ज्ञान ‘किंचित मागे घे’ या बोलण्यात असते, आणि त्याला कोशात जागा नसते. आजच्या अनेक नव्या सायकलींत सुटे छर्रे नसतात. बंद बेअरिंग येते, ते बिघडले की सबंध बदलतात. तेथे आवळून मागे घेण्याची ती नाजूक क्रिया उरत नाही. काळ्या सायकली अजून धावत आहेत व त्या घरी उघडणारी माणसेही आहेत, तोवर ही क्रियापदे त्यांच्या तोंडून, त्यांच्या उच्चारांसह, टिपून घेता येतील.