धरणानंतरची नाव: नांदेड-भोकर परिसरातील मासेमारी आणि छोट्या मोटारीची निवड

नदीवरील मासेमारीच्या नावेला कोणती मोटार जोडावी, हा प्रश्न वरवर यंत्राचा वाटला तरी मराठवाड्यात तो मुळात पाण्याचा प्रश्न आहे. कारण पंखा फिरण्याइतके खोल पाणी वर्षातील पुरेसे महिने एका जागी उभे राहणे ही येथे अलीकडची घटना असून ती धरणांनी घडवून आणली आहे. भोकर तालुका या दृष्टीने बोलका आहे. दक्षिणेला गोदावरी आणि उत्तरेला पैनगंगा या दोन खोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर तो वसलेला असल्यामुळे येथील ओढे-नाले पावसाळ्यात दुथडी भरतात आणि उन्हाळ्यात खडक उघडे पाडतात. तालुक्यातील सुधा नदीही याच स्वभावाची असून ती पुढे तेलंगणातील भैंसा परिसराकडे जाते. रेणापूरजवळ सुधा प्रकल्पाचा बांध घातल्यावरच या नदीवर बारमाही म्हणता येईल असे पाणी साठले.

धरणांपूर्वीच्या काळात या भागातील भोई समाजाची मासेमारी नावेवर फारशी अवलंबून नव्हती. नदीचा प्रवाह आटू लागला की पात्रात मागे राहणारे खोल डोह हेच मासेमारीचे खरे क्षेत्र असे, आणि तेथे काठावरून किंवा कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून जाळे टाकणे, आडवे जाळे लावणे, पाण्याचा ओघ अडवून मासा कोंडणे एवढ्यावर काम भागे. पैलतीर गाठण्यासाठी वाळलेले भोपळे, लाकडाचे तराफे आणि प्रसंगी गूळ शिजवण्याची मोठी लोखंडी काहीलही वापरली जाई. तिचा तळ उथळ आणि गोल असल्याने वीतभर पाण्यातही ती तरंगते, मात्र तिला दिशा नसते आणि ती जागच्या जागी गरगरते. नांदेडला जिथे नियमित नाव चालत असे, तिथेही ती बांबूने रेटली जाई किंवा वल्ह्याने हाकली जाई. तळाला बांबू टेकतो तिथे मोटारीची उणीव कोणाला भासत नाही, हे या प्रदेशाच्या नौकानयनाचे साधे सूत्र होते.

गोदावरीवर यंत्र चालवण्याचा एक मोठा प्रयत्न एकोणिसाव्या शतकात झाला, पण तो या भागापर्यंत पोहोचला नाही. नागपूर-वऱ्हाडचा कापूस पूर्व किनाऱ्यावर नेता यावा म्हणून ब्रिटिश अभियंते सर आर्थर कॉटन यांच्या प्रेरणेने वरच्या गोदावरीवर जलमार्गाची कामे सुरू झाली, खडकाळ टप्पे ओलांडण्यासाठी कालवे आणि बंधारे आखले गेले, आणि खर्च हाताबाहेर जाऊ लागल्यावर 1871 मध्ये ती सोडून देण्यात आली. हा खटाटोप प्राणहिता-वर्धेच्या दिशेने, म्हणजे आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचाच्या बाजूने चालला होता. नांदेडकडची गोदावरी या योजनेत आली नाही, आणि तिचे उन्हाळी रूप पाहता ते शहाणपणाचेच म्हणावे लागेल.

आउटबोर्ड मोटार, म्हणजे इंजिन, उभा दांडा, दातेरी चक्रे आणि पंखा हे सर्व एकाच सांगाड्यात बसवून नावेच्या मागील फळीवर बाहेरून अडकवायचे यंत्र, ही स्थिर आणि खोल पाण्याच्या प्रदेशातील उपज आहे. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड यांनी अमेरिकेतील विस्कॉन्सिन या तलावांच्या राज्यात 1909 मध्ये बाजारात आणलेली मोटार अवघ्या दीड अश्वशक्तीची होती आणि तिचे वजन सुमारे 28 किलो होते. त्या मोटारीला लागणारे पाणी मराठवाड्याच्या शेजारी प्रथम दिसले ते निजाम राजवटीत, 1931 मध्ये मांजरा नदीवर निजामसागर पूर्ण झाले तेव्हा. आणि त्यानंतर पूर्णेवरील येलदरी, गोदावरीवरील जायकवाडी, तेलंगणातील पोचमपाड म्हणजेच श्रीरामसागर, पैनगंगेवरील इसापूर आणि नांदेडजवळ असर्जन येथील विष्णुपुरी अशी साठ्यांची साखळीच उभी राहिली. यांपैकी श्रीरामसागराचे फुगवट्याचे पाणी, म्हणजे धरणामुळे मागे तुंबणारे पाणी, नांदेड जिल्ह्याच्या हद्दीतही पसरते. गोदावरीवरील बाभळी बंधाऱ्याचा दोन राज्यांमधील वाद याच पाण्याभोवती फिरला. 2013 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार त्या बंधाऱ्याचे दरवाजे 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात, त्यामुळे तेथील पाण्याची खोली आजही दर वर्षी तारखेनुसार बदलते.

साठ्यांनी पाणी दिले, पण मासा दिला तो मत्स्यबीजाने. हिरालाल चौधरी यांनी 10 जुलै 1957 रोजी ओडिशातील अंगुल येथे पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले आणि रोहू, कटला, मृगळ यांचे बीज नदीत शोधत बसण्याऐवजी केंद्रात तयार करता येऊ लागले. तलाव सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जाऊ लागले, सुती जाळ्यांची जागा नायलॉनने घेतली, आणि काठावरून जाळे टाकणारा भोई प्रथमच साठ्याच्या मध्यभागी, रात्री लावलेली जाळी पहाटे उचलण्यासाठी, कित्येक किलोमीटर वल्हवत जाऊ लागला. मोटारीची गरज या पहाटेच्या अंतरातून जन्मली.

ती कशी निवडावी, याचे शास्त्र फार गुंतागुंतीचे नाही, पण दुकानात ते बहुधा उलटे सांगितले जाते. पाणी कापत जाणाऱ्या साध्या नावेचा वेग तिच्या पाण्यातील लांबीने बांधलेला असतो. 16 फूट लांबीची नाव ताशी सुमारे 10 किलोमीटरच्या पुढे जाऊ लागली की आपल्याच लाटेवर चढू पाहते आणि त्यानंतर वाढवलेली प्रत्येक अश्वशक्ती बहुतांशी इंधन जाळते. म्हणून अशा नावेला 2 ते 5 अश्वशक्ती पुरते. दांड्याची लांबी हा दुसरा निकष: आखूड दांडा सुमारे 15 इंची आणि लांब दांडा 20 इंची असतो, आणि मागील फळीच्या उंचीशी तो जुळला पाहिजे. गरजेपेक्षा लांब दांडा उथळ पात्रात दगडाला लागतो, तर आखूड दांड्याचा पंखा हवा ओढून रिकामा फिरतो. पंख्याला जोडलेली पिन मुद्दाम मऊ धातूची ठेवलेली असते, जेणेकरून खडकाचा धक्का बसताच ती तुटावी आणि दातेरी चक्रे वाचावीत. गोदावरीसारख्या खडकाळ तळाच्या नदीत दोन-चार जास्तीच्या पिना नावेत नसतील तर मोटार असून नसल्यासारखीच. टू-स्ट्रोक मोटार हलकी व दुरुस्तीला सोपी असली तरी तिच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते, साधारणतः लिटरमागे 20 मिलिलिटर, आणि ते जळके तेल काही प्रमाणात त्याच पाण्यात उतरते ज्यातून गावे पाणी पितात. फोर-स्ट्रोक मोटार जड आणि महाग, परंतु कमी इंधन पिणारी. गाळाच्या पाण्याचा विचार केल्यास हवेने थंड होणारी छोटी मोटार अधिक टिकाऊ ठरते, कारण पाणी ओढून इंजिन थंड करणाऱ्या पंपाचे रबरी चक्र वाळूने लवकर झिजते. नांदेडच्या पात्रात जलपर्णी दाटली की मात्र कोणताही पंखा गुरफटतो आणि तिथे बांबूच पुन्हा कामाला येतो.

मोटार या नदीवर आलीच नाही, असे नाही. ती आली ती मासेमारीबाहेरच्या वाटांनी. नांदेड जिल्ह्यात गोदावरीतून अवैध वाळू उपसणाऱ्या तराफ्यांवर इंजिने बसवली गेली, आणि महसूल पथकांनी ती तराफ्यांसह नष्ट केल्याच्या बातम्या वारंवार येत राहिल्या. दुसरीकडे पुराच्या बचावकार्यासाठी प्रशासनाकडे रबरी बोटी आणि त्यांच्या मोटारी आल्या, ज्यांना तेथील कर्मचारी सरळ ‘ओबीएम’ (आउटबोर्ड मोटार) म्हणतात. मासेमाराच्या वाट्याला मात्र राज्याच्या अनुदान योजनेतून आली ती लाकडी, पत्र्याची किंवा फायबरची बिगरयांत्रिक नाव, म्हणजे वल्ह्याचीच. या धोरणात थोडे दुर्लक्ष असेल, पण थोडे वास्तवही आहे. नाव यंत्रचलित झाली की ती अंतर्देशीय नौकाविषयक कायद्याच्या कक्षेत येते, ज्याचे 1917 पासून चालत आलेले रूप 2021 च्या नव्या कायद्याने बदलले. तपासणी, नोंदणी आणि इंधन यांचा भार एका जाळ्याच्या कमाईवर पडतो. जायकवाडीच्या काठी थर्माकोलच्या चप्पूवर, म्हणजे तराफ्यावर, बसून मासे धरणारा माणूस हा भार उचलू शकत नाही.

शिवाय साठाही कायमचा नसतो. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षी मोटार विकत घेतलेल्याचा हप्ता चालू राहतो आणि नाव चिखलात बसते. म्हणून या भागातील एकेका कुटुंबाने आपली मोटार घेण्यापेक्षा ठेका घेतलेल्या सहकारी संस्थेने 2 ते 5 अश्वशक्तीच्या, आखूड दांड्याच्या, शक्य तर हवेने थंड होणाऱ्या एक-दोन मोटारी सामायिक घ्याव्यात, त्या पावसाळ्यानंतर चार-पाच महिने वापराव्यात आणि वल्ही मात्र कोणीही मोडीत काढू नयेत, हाच सुधा आणि गोदावरीच्या पाण्याला मानवणारा हिशेब आहे.