ताहाराचे धान्यकोठार

कोकण-गोव्याच्या माणसाला नारळाचे अप्रूप ते काय! पण १८९८ साली जपानच्या इरागो या भूशिरावर सुट्टीत राहायला आलेल्या एका विद्यार्थ्याला किनाऱ्याला लागलेला नारळ दिसला आणि तो थक्क झाला. तिथे आसपास कुठेही नारळाचे झाड होत नाही. मग हे फळ कोणत्या दूरच्या बेटावरून वाहत आले? त्याचे नाव यानागिता कुनिओ. पुढे तो जपानी लोकसाहित्याच्या अभ्यासाचा जनक मानला गेला. त्याने ही हकीकत शिमाझाकी तोसोन या कविमित्राला सांगितली, त्याने त्यावर कविता लिहिली, १९३६ साली तिला चाल लागली आणि ती घरोघर पोहोचली.

मी स्वतः जपानला गेलेलो नाही. आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी मोटारींच्या कारखान्याच्या कामासाठी काही महिने त्या भागात राहून आला. त्याने एक चित्रांचे पुस्तक मला भेट दिले आणि म्हणाला, “सर, तुम्ही आम्हाला इतिहास शिकवलात, पण या माणसाबद्दल कधी बोलला नाहीत.” खरेच होते. तीस वर्षे इतिहास शिकवूनही मला तो माणूस ठाऊक नव्हता. त्यानंतर मिळेल ते वाचत गेलो. हा लेख म्हणजे त्या विद्यार्थ्याचे फेडलेले देणे समजा.

इरागो हे आत्सुमी द्वीपकल्पाचे टोक. हा सारा भाग आज ताहारा नावाच्या नगरपालिकेत येतो. वस्ती सुमारे ६० हजार. एका बाजूला प्रशांत महासागर, दुसऱ्या बाजूला मिकावाचा शांत उपसागर. मोठी नदी मात्र एकही नाही. त्यामुळे पाऊस चुकला की शेत गेले, हे तिथले जुने दुखणे.

दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी येथे मियाके घराण्याचे संस्थान होते. जपानात संस्थानाची ऐपत तांदळाच्या मापात, म्हणजे ‘कोकू’त मोजत. एक कोकू म्हणजे साधारणपणे एका माणसाचा वर्षाचा तांदूळ. ताहाराची मोजदाद होती १२ हजार कोकू. दहा हजाराखाली संस्थानिक म्हणवता येत नसे, तेव्हा हे अगदी काठावरचे राज्य. कर्ज भरपूर, तिजोरी रिकामी.

अशा संस्थानाच्या नोकरीतल्या गरीब सामुराईच्या घरी १७९३ साली एदोमध्ये, म्हणजे आजच्या तोक्योत, वातानाबे काझान जन्मला. वडील आजारी, भावंडे पुष्कळ. पोट भरेना म्हणून धाकट्यांना मठांत आणि परक्या घरी धाडावे लागले. काझान चित्रे काढून घराला हातभार लावू लागला. तोच पुढे त्या काळातला थोर चित्रकार झाला. त्याने १८३७ साली रंगवलेले ताकामी सेन्सेकी यांचे व्यक्तिचित्र आज जपानचा राष्ट्रीय ठेवा म्हणून जपले जाते. चेहऱ्यावरची छायाप्रकाशाची जाण त्याने पाश्चात्त्य चित्रांवरून घेतली होती.

१८३२ साली हा चित्रकार संस्थानाचा कारभारी झाला. त्याने ओकुरा नागात्सुने या नामांकित शेतीतज्ज्ञाला ताहारात बोलावले आणि १८३५ साली एक धान्यकोठार बांधून घेतले. कोठाराचे नाव ‘होमिन्सो’. अर्थ साधारण असा की लोकांचे देणे लोकांना परत करणारे कोठार. सरकारी कोठाराला असे नाव ठेवणारा कारभारी कोणत्या मातीचा असेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

त्या दशकात जपानवर तेनपोचा महादुष्काळ कोसळला होता. १८३६ चे पीक बुडाले, गावोगाव माणसे मेली. काझान तेव्हा एदोत होता. त्याने तिथूनच दुष्काळात कसे वागावे याच्या लेखी सूचना ताहाराला पाठवल्या. होमिन्सोचे दरवाजे उघडले आणि ताहारात उपासमारीने एकही माणूस दगावला नाही. १८३८ साली शोगुनच्या सरकारने संस्थानाचा गौरव केला.

आणि पुढच्याच वर्षी त्याच सरकारने काझानला पकडले!

काझानकडे किनाऱ्याच्या संरक्षणाचेही काम होते. समुद्रापलीकडचे जग कळल्याशिवाय किनारा राखता येणार नाही, हे त्याने ओळखले. त्या काळी पश्चिमेची विद्या जपानात येई ती डच ग्रंथांतून. काझानला स्वतःला डच नीट येत नव्हती. ताकानो चोएइ, कोसेकी सानएइ हे डच जाणणारे मित्र त्याला वाचून अर्थ सांगत. १८३७ साली ‘मॉरिसन’ हे अमेरिकन जहाज समुद्रात भरकटलेल्या सात जपान्यांना घरी पोहोचवायला आले. त्यावर तोफा डागून ते परतवण्यात आले. या धोरणावर टीका करणारे एक टिपण काझानने लिहिले, पण प्रसिद्ध न करता घरातच ठेवले. १८३९ च्या झडतीत ते सापडले. त्याला ताहारात नजरकैद झाली. घर चालावे म्हणून शिष्यांनी त्याची चित्रे विकायला घेतली, तेव्हा आरोपी माणूस चित्रे विकतो अशी कुजबुज सुरू झाली. आपल्यामुळे धन्यावर बालंट येईल या भीतीने १८४१ साली त्याने स्वतःच्या हाताने जीवन संपवले.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपल्याला ठाऊक आहे. त्यांनी बादशहाचे कोठार भुकेल्यांसाठी उघडले आणि विठू महार होऊन देवाने पैसे भरले. काझानसाठी कोणी देव पावती घेऊन आला नाही. ही गोष्ट मी शाळेत सांगितली तेव्हा नववीतल्या एका मुलीने विचारले, “सर, त्याचा गुन्हा काय? दुसऱ्या भाषेतली पुस्तके वाचली, हा?” मी होय म्हणालो. घरी एक, बाजारात दुसरी आणि परीक्षेला तिसरी भाषा बोलणाऱ्या आमच्या मुलांना त्या उत्तराचे वजन समजावून सांगावे लागले नाही. वर्ग बराच वेळ गप्प होता.

ताहाराची पाण्याची तहान मात्र कोठाराने भागणारी नव्हती. ती भागली १९६८ साली, तोयोगावा कालवा पुरा झाला तेव्हा. दूरच्या डोंगरातले पाणी द्वीपकल्पाच्या टोकापर्यंत पोहोचले आणि कोरडवाहू जमिनीचे सोने झाले. आज शेतीच्या उत्पन्नात ताहारा जपानमध्ये अगदी वरच्या रांगेत बसते. कोबी आहे, पण खरी मिरास शेवंतीची. दिवस लहान झाले की शेवंती फुलते. म्हणून शेतकरी काचगृहांत रात्री दिवे लावतात, झाडाला दिवस मोठाच आहे असे भासवतात आणि हव्या त्या सणाला फूल काढतात. रात्री सारे माळरान उजळलेले दिसते, असे माझा विद्यार्थी सांगत होता. १९७९ पासून तिथे मोटारींचा मोठा कारखानाही आहे. तरी मे महिन्यात पतंगांची लढाई होतेच, काचेची पूड लावलेल्या दोऱ्याने. हे ऐकून बडोद्याचे आमचे व्याही खूश झाले.

काझानची समाधी बांधायलाही सरकारची मनाई होती. ती उठली १८६८ साली, सरकार बदलण्याच्या अगदी तोंडावर. आज त्याच गावात त्याच्या चित्रांसाठी संग्रहालय आहे.

आणि इरागोचे लोक १९८८ पासून दरवर्षी दूर दक्षिणेच्या इशिगाकी बेटाजवळ समुद्रात खुणेच्या पट्ट्या बांधलेले नारळ सोडतात. आपल्या किनाऱ्याला एखादा तरी लागेल, या आशेने. परक्या मुलुखातून वाहत आलेल्या वस्तूची वाट पाहणारे हे गाव. दोनशे वर्षांपूर्वी त्याच्या कारभाऱ्यानेही हेच केले होते.