न झालेली एक भेट

लग्नघरात मानपानात काही कमीजास्त झाले की त्याची चर्चा पुढे वीस वर्षे पुरते. राजकारणाचेही तसेच आहे. निवडणुकीच्या निकालाची कारणे सांगताना जाती, महागाई, बेकारी असे सगळे दाखले देऊन झाले की शेवटी कोणीतरी म्हणतो, ‘ते खरे हो, पण त्या सभेत त्यांना व्यासपीठावर खुर्ची दिली नाही, तिथेच बिनसले.’ अशा कथा ऐकायला गोड लागतात. म्हणूनच इतिहासाच्या अभ्यासकाने त्यांच्यापासून सावध राहावे. मी स्वतः मात्र अशा एका कथेच्या बराच काळ प्रेमात होतो.

ती कथा अमेरिकेतल्या १९१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीची आहे. डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्याविरुद्ध रिपब्लिकन पक्षाने चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांना उभे केले होते. उमेदवारीसाठी ह्यूज यांनी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीशपद सोडले होते. २० ऑगस्टला, रविवारी, प्रचारदौऱ्यात ते कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच इथल्या व्हर्जिनिया हॉटेलात काही तास थांबले. राज्याचे गव्हर्नर हायरम जॉन्सन त्या वेळी त्याच हॉटेलात होते. दोघेही एकाच पक्षाचे. तरीही भेट झाली नाही. जॉन्सन तिथेच होते हे ह्यूज यांना निघून गेल्यावर कळले. त्यांनी माणूस पाठवून दिलगिरी कळवली, पण जॉन्सन यांचा राग काही गेला नाही.

नोव्हेंबरमध्ये ह्यूज कॅलिफोर्नियात सुमारे ३,८०० मतांनी हरले. अमेरिकेत राज्य जिंकणाऱ्याला सहसा त्या राज्याची सगळी निर्वाचक मते मिळतात. कॅलिफोर्नियाची १३ होती. देशभरात विल्सन यांना २७७ आणि ह्यूज यांना २५४ मते पडली. बहुमताला २६६ हवी होती. म्हणजे कॅलिफोर्निया हाती आले असते तर ह्यूज २६७ वर पोचून अध्यक्ष झाले असते. त्याच दिवशी त्याच राज्यात जॉन्सन मात्र सिनेटवर जवळपास तीन लाखांच्या आघाडीने निवडून आले. एका हस्तांदोलनाने अध्यक्षपद हुकले, असे म्हणायला यापेक्षा अधिक काय हवे?

पण हा अपघात होता का, असा प्रश्न मला पुढे पडू लागला. १९१२ मध्ये रिपब्लिकन पक्ष फुटला होता. थिओडोर रूझवेल्ट यांनी वेगळी चूल मांडून प्रोग्रेसिव्ह पक्ष काढला आणि उपाध्यक्षपदासाठी त्यांच्याबरोबर उभे होते हेच जॉन्सन. चार वर्षांनी फुटीर घरी परतले, पण मने जुळली नव्हती. २९ ऑगस्टला सिनेटच्या उमेदवारीसाठी पक्षांतर्गत मतदान होते आणि त्यात जुन्या गटाने जॉन्सन यांच्याविरुद्ध आपला माणूस उभा केला होता. ह्यूज यांच्या दौऱ्याची सूत्रे याच जुन्या गटाकडे होती. कुठे थांबायचे, कोणाला भेटायचे, व्यासपीठावर कोण बसणार हे सगळे तेच ठरवत होते. ते नसते तरी दोन भावांच्या भांडणात पाहुण्याने आधी कोणाच्या घरी चहा घ्यायचा, हा पेच होताच. तेव्हा लाँग बीचची चुकामूक हा रोग नव्हे, रोगाचे लक्षण होते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. लाँग बीचच्या आदल्याच दिवशी ह्यूज सॅन फ्रान्सिस्कोत कमर्शियल क्लबच्या भोजनाला गेले होते. शहरात तेव्हा खानावळी-हॉटेलांतल्या कामगारांचा संप चालू होता आणि क्लबात वाढायला संपकऱ्यांच्या जागी आणलेली माणसे होती. कामगार संघटनांना हे झोंबले. निकालात याच शहरात विल्सन यांना सुमारे १५ हजारांची आघाडी मिळाली. ती सगळी त्या भोजनामुळे मिळाली असे मी म्हणणार नाही. विल्सन यांनी देश युद्धाबाहेर ठेवला होता, रेल्वे कामगारांसाठी आठ तासांच्या दिवसाचा कायदा नुकताच केला होता. शिवाय शरद ऋतूत जॉन्सन यांनी ह्यूज यांच्यासाठी उघड प्रचारही केला. तरीही कथेत अजरामर झाला तो गव्हर्नरांचा रुसवा. वाढप्यांचा अपमान तळटीपेत गेला.

अपमानाची दुसरी एक कथा आपल्या शेजारची आहे, आणि ती इथे पडताळून पाहण्यासारखी आहे. फेब्रुवारी १९८२ मध्ये हैदराबादच्या बेगमपेठ विमानतळावर स्वागताचा थाटमाट आणि गर्दी पाहून अमेठीचे खासदार राजीव गांधी संतापले आणि त्यांनी मुख्यमंत्री टी. अंजय्या यांना चारचौघांत सुनावले. अंजय्या हे गिरणी-कारखान्यांच्या कामगार चळवळीतून वर आलेले गृहस्थ. त्याच महिन्यात त्यांचे पद गेले. पुढच्या महिन्यात एन. टी. रामाराव यांनी तेलुगू देसम पक्ष जाहीर केला आणि जानेवारी १९८३ मध्ये २९४ पैकी दोनशेवर जागा जिंकल्या. इथे फरक तीन-चार हजार मतांचा नव्हता. एका माणसाच्या मानभंगाने एवढी लाट उठत नाही. पण पाच वर्षांच्या आत दिल्लीने आंध्रला चार मुख्यमंत्री दिले होते. त्यामुळे विमानतळावरचे ते दृश्य लोकांना आपल्याच पाणउताऱ्यासारखे वाटले, आणि तेलुगू आत्मगौरवाची हाक रामाराव यांनी दिली तेव्हा ती पटायला वेळ लागला नाही.

म्हणून आता अशी कथा कानावर आली की मी आधी मतांचा फरक पाहतो. तो थोडका असेल तर रुसव्याबरोबर पाऊस आणि बंद पडलेली मोटारही कारण ठरू शकते. फरक मोठा असेल तर, नेत्याच्या अपमानात मतदाराला स्वतःचा कोणता अपमान दिसला, हे शोधतो. नेत्यांचे मानपान चरित्रांत नोंदवले जातात. वाढप्याला काय वाटले, ते बहुधा मतपेटीतच उमटते.