सावलीला धक्का लागतो तेव्हा

चित्र भिंतीवर असते आणि आपण त्याच्यासमोर उभे असतो. आपण हात हलवला म्हणून चित्रातले झाड हलत नाही. पण पाहणाऱ्याने काही केल्याशिवाय जी पूर्णच होत नाही, अशी कला असू शकेल का? अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञ मायरन क्रूगर यांनी हा प्रश्न अनेक वर्षे धरून ठेवला. त्यांचे प्रयोग आपण क्रमाने पाहू.

१९६९ मध्ये मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठात क्रूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ग्लोफ्लो’ हे दालन उभारले. अंधारात पारदर्शक नळ्यांमधून चमकणारे रंगीत पाणी वाहत होते. जमिनीवरील दाबपट्ट्यांवर पाय पडला की संगणक प्रकाश व आवाज बदलत असे. मात्र वातावरणातील शांतता भंगू नये म्हणून हा बदल मुद्दाम उशिरा होई. त्यामुळे तो आपल्यामुळे झाला हे लोकांना कळतच नसे! कृती आणि प्रतिसाद यांचा संबंध प्रेक्षकाला जाणवला पाहिजे, हा धडा क्रूगर यांनी यातून घेतला.

१९७० च्या ‘मेटाप्ले’मध्ये प्रेक्षकाला मोठ्या पडद्यावर स्वतःचीच प्रतिमा दिसे. सुमारे मैलभर दूर, संगणक केंद्रात बसलेला माणूस इलेक्ट्रॉनिक लेखणीने त्या प्रतिमेवर रेघा काढी. प्रेक्षकाने बोट फिरवले की लेखणी त्यामागोमाग जाई आणि रेघ जणू बोटातूनच उमटे. त्या काळच्या संगणकाला बोट ‘पाहता’ येत नव्हते. डोळ्यांचे काम माणसाने केले.

याच काळात एक वेगळीच गोष्ट घडली. दालन आणि संगणक केंद्र यांच्यातील संदेशवहनातला दोष शोधताना दोन्हीकडची दृश्ये एकाच पडद्यावर एकत्र केली होती. क्रूगर आणि त्यांचे सहकारी आपापल्या हाताने आलेख दाखवत होते. पडद्यावर क्रूगर यांच्या हाताची प्रतिमा सहकाऱ्याच्या हातावर आली, आणि सहकाऱ्याने झटकन हात बाजूला घेतला. खरे हात तर एकमेकांपासून मैलभर दूर होते!

आपली प्रतिमासुद्धा आपल्याला ‘आपली’ वाटते, या निरीक्षणातून ‘व्हिडिओप्लेस’ घडले. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून क्रूगर त्यात सुधारणा करत राहिले. प्रेक्षकामागे उजळ पडदा ठेवला की त्याची छायाकृती ठसठशीत दिसते आणि तिची कडा यंत्राला सहज ओळखता येते. त्यासाठी खास विद्युतमंडले तयार करण्यात आली. पडद्यावरचा ‘क्रिटर’ नावाचा चिमुकला जीव माणसाच्या छायाकृतीवर चढे आणि डोक्यावर पोहोचला की नाचे. डोक्यावर शिरस्त्राण नाही, हातात मोजे नाहीत. नुसते शरीर पुरेसे. १९९० मध्ये ऑस्ट्रियातील ‘आर्स इलेक्ट्रॉनिका’ने या कृतीला परस्परसंवादी कलेचा सर्वोच्च पुरस्कार दिला.

आम्हाला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की येथे यंत्राइतकाच माणसाचाही शोध लागला. ‘मी’ त्वचेपाशी संपत नाही. आज पडद्यावरील प्रतिमेची टिंगल झाली की मुलाला खरेच का लागते, हे समजून घ्यायला ही जुनी हकिकत उपयोगी पडेल.

वर्गात करून पाहता येईल. खोली अंधारी करून दिव्याच्या झोतात दोन मुलांना अंतर ठेवून उभे करा. भिंतीवर एकाच्या सावलीचा हात दुसऱ्याच्या सावलीला लागू द्या. कोण दचकते, कोण मागे सरते, कोण हसते? मुलांनाच नोंदी करू द्या. आणि सावलीला तर काही लागत नाही, मग असे का झाले, हेही त्यांनाच विचारा.